सासूबाईंचं दुखणं जावयाच्या कार्डावर

सर्जेरावाचा देवावर विश्वास होता. पण कामगार विम्याच्या कार्डावर अंमळ जास्तच होता!

"देव कधी पावतो, कधी न्हाई पावत," तेलगिरणीतल्या जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडता मोडता तो म्हणायचा, "कारड मात्र बराबर पावतं! आख्ख्या जालन्यातून असा आजार हुडकून आना, जो ह्या कारडात बसत न्हाई. मिशी उतरवून ठिवीन!"

आणि मिशी काही साधीसुधी नव्हती. दोन टोकांना दोन चिमण्या बसून भांडल्या तरी मधल्या नाकाला पत्ता लागू नये, अशी ऐसपैस!

गंमत अशी, की ज्याच्या नावाचं कार्ड, तो सर्जेराव स्वतः कधी आजारीच पडत नसे. बहात्तरच्या दुष्काळात लाल ज्वारी खाऊनही गडी पोळ्याच्या बैलासारखा झुलत होता. मग काय, कार्ड वाया जाऊ द्यायचं? भावाच्या पोराला दात येत होते तेव्हा सर्जेराव विम्याच्या दवाखान्यात जाऊन सांगून आला, "हिरड्या शिवशिवत्यात, लाळ गळती, रातभर रडू येतं!" शेजारच्या म्हातारीचे गुडघे, मेव्हण्याची खरूज, चुलत्याचा दमा, सगळं त्यानं आपल्या अंगावर घेतलं आणि ज्याची बाटली त्याला नेऊन पोचवली. गिरणीत सगळेच तसं करत. दवाखान्यातले डॉक्टरही मोठ्या मनाचे. चष्म्यावरून बघत आणि विचारत, "काय सर्जेराव, या खेपेला किती वर्षांचे झालात?"

तर असा हा सर्जेराव, आणि त्याच्या घरात आली सासू.

सासूबाईंचं नाव गोजरबाई. गाव वाटूरच्या अलीकडचं. नवरा गेला, पावसात घराची भिंत बसली, आणि पोटी एकच लेक, कांताबाई. कांताबाई गाडी करून गेली आणि आईला जालन्याला घेऊन आली. सर्जेरावानं एका शब्दानं नाही म्हटलं नाही. उलट घरात मधोमध गोणपाटाचा पडदा लावून सासूबाईंना अर्धी खोली करून दिली.

आता गोजरबाई म्हणजे कोण? अहो, पंचक्रोशीत हिच्या गळ्याशिवाय हळद लागत नसे! नवरीच्या अंगाला हळद आधी की गोजरबाईचं गाणं आधी, असा प्रश्न पडला तर लोक हळद खाली ठेवत. पहाटे जात्यावर बसली की शेजारच्या सात घरच्या सुना आपापली जाती थांबवून कान देत. ओवी अशी निघायची, जशी दुभत्या गाईची धार. न बोलावता, न थांबता!

आणि जालन्यात आल्यापासून ही बाई गप्प. विचारलं तर "हं." पुन्हा विचारलं तर नुसती मान. अर्धी भाकरी खायची, उरलेली झाकून ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

सर्जेराव घरी आला की तर विचारूच नका! पदर नाकापर्यंत, आणि बाई पडद्याआड. सासू-जावयानं समोरासमोर बोलायचं नाही ही रीतच. त्यामुळे एवढ्याशा खोलीत तीन मोठी माणसं आणि एक चिमुरडी लेक असली तरी बोलणं टपालासारखं फिरून जाई.

"इचार तुझ्या आईला, च्या घेत्यात का?"

"आई, ते इचारून राह्यले, च्या घेती का?"

पडद्याआडून, "हं."

"हं म्हनती."

"हं म्हंजे हौ का न्हाई?"

"मला काय म्हाईत! हं म्हनती!"

कांताबाई चुलीपुढे डोळे पुसायची. धूर नुसता नावाला. "माझी माय अशी नव्हती वो," म्हणायची. "हिच्या गळ्यात पाखरू होतं. कुठं उडून गेलं?" सर्जेरावाला ते ऐकवत नसे. त्याला स्वतःला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण लग्नात हळदीच्या दिवशी सासूबाईंनी त्याच्या मिशीवर एक ओवी सोडली होती आणि सगळा मांडव लोळला होता, ते त्याला अजून आठवत होतं. तेव्हा तो रागावला होता. आता वाटायचं, बाईनं दुसरी सोडावी. दहा सोडाव्यात! पण सोडावी.

काढे झाले. अंगारे झाले. जांब समर्थला नेऊन आणलं. बाईनं हात जोडले, "हं" म्हटलं आणि परत आली.

शेवटी सर्जेराव विम्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मनाचं दुखणं आहे, सर्जेराव. माझ्याकडे याची बाटली नाही. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात गुरुवारी मानसतज्ज्ञ बाई येतात. विम्याच्या माणसाला मी चिठ्ठी देतो. पण..."

"पन काय?"

"तुमची आई असती तर नेता आली असती. बायकोची आई विम्यात येत नाही."

सर्जेराव असा बाहेर आला, जणू देवळाच्या पायरीवरून चप्पल चोरीला गेली! बाहेर बद्रीनाथ उभा होता. बद्रीनाथ म्हणजे त्याचा गिरणीतला जोडीदार आणि कायद्याचा पंडित. पंडित कसला, युनियनच्या सभेत पुढच्या सतरंजीवर बसायचा, एवढंच.

"बद्रीनाथ, सासू कायद्यात बसत न्हाई म्हनं!"

"बराबर हाय. न्हाई बसत."

"माझ्या घरात बसती, मंग कायद्यात बसाया तिला काय होतं?"

"कायद्याला लगीन कुठं झालंय, सासू असाया!" बद्रीनाथ म्हणाला. "पन सर्जेराव, तुला अक्कल हाय का? पोराचे दात तू काढून आलास. म्हातारीचे गुडघे तू दाखवून आलास. मंग सासूचं मन दाखवाया काय झालं? तू जा. तिचं दुखनं आपलं म्हनून सांग. औषिध घे. घरी आन. पाज!"

सर्जेरावानं बद्रीनाथाला रस्त्यातच मिठी मारली आणि मागे फिरून आपल्याच नावाची चिठ्ठी लिहून आणली. मिशी वाचली होती!

आता अडचण एकच. दुखणं सांगायचं तर ते माहीत पाहिजे, आणि सासूबाईंशी तर बोलायचं नाही. मग बुधवारी कांताबाईनं नवऱ्याला समोर बसवून शाळेतल्या गुरुजीसारखी उजळणी घेतली.

"म्हना, छातीवर पाटा ठिवल्यावानी वाटतं."

"छातीवर पाटा ठिवल्यावानी वाटतं."

"घास गळ्याखाली उतरत न्हाई."

"घास... अगं, जरा पिठलं वाढ की आनखी."

"अवो, उद्या असं म्हनसाल बाईपुढं!"

"न्हाई म्हनत. वाढ."

गुरुवारी बद्रीनाथाला सोबत घेऊन सर्जेराव औरंगाबादला पोचला. दवाखाना केवढा! "मनाचा डाक्टर कुठं बसतो?" असं पहिल्या खिडकीवर विचारलं तर त्यांनी छातीच्या डॉक्टरकडे धाडलं. छातीच्या डॉक्टरनं नळी लावून सांगितलं, "हे हृदय आणखी दोन माणसांना पुरेल, जा." डोक्याचं म्हणून विचारलं तर फोटो काढायच्या रांगेत उभं केलं. एका शिपाईमामानं तर त्याला दात दाखवायला लावले! शेवटी व्हरांड्याच्या पार टोकाला, जिथं मोडक्या खाटा रचून ठेवल्या होत्या, तिथं एक छोटी खोली सापडली. बाहेर बाक, आणि बाकावर माणसं आपल्या चपलांकडे बघत बसलेली.

बद्रीनाथ बाकावर बसला. सर्जेराव आत गेला.

आत एक तरुण बाई. सुती लुगडं, डोळ्यांवर चष्मा, समोर टेबल. नळी नाही, सुई नाही, एक बाटलीसुद्धा नाही! नाव सत्यशीला.

"बसा. काय होतंय?"

सर्जेरावानं डोळे मिटले आणि पाढा म्हटला, "छातीवर पाटा ठिवल्यावानी वाटतं घास गळ्याखाली उतरत न्हाई भिंतीकडं तोंड करून बसावं वाटतं आन् जावई घरात आला की डोक्यावर पदर..."

डोळे उघडले. बाईंची लेखणी थांबली होती.

"पदर?"

"पदर म्हंजे... टोपी! टोपी घेतो डोक्यावर!"

"तुम्हाला जावई आहे?"

"हाय की! लै गुनाचा हाय!" सर्जेरावाच्या तोंडून मनापासून निघून गेलं.

"मुलगी केवढी आहे?"

"यंदा पहिलीत घातली."

बाहेर कुणीतरी खोकलं.

"व्हनारा जावई!" सर्जेराव कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "आमच्यात लौकर ठरवून ठिवत्यात."

सत्यशीलाबाईंनी चष्मा नीट केला. "बरं. पूर्वी कसे होतात?"

"पूर्वी मी लै गायचो. जात्यावर. पहाटं उठून दळायचो, आन् वव्या म्हनायचो. आमच्याबिगर गावात हळदच लागत नव्हती, बाई!"

"मग गाणं कधी थांबलं?"

"जालन्याला आल्यापून."

"का थांबलं?"

आता आली पंचाईत! हे कांताबाईनं शिकवलंच नव्हतं. सर्जेरावानं छताकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "इचारून सांगतो."

"कोणाला विचारून?"

"सोताला!"

बाईंनी मान खाली घातली. खांदे जरा हलल्यासारखे वाटले. पण वर बघितलं तेव्हा चेहरा कोऱ्या पाटीसारखा. "हे बघा, सर्जेराव. मी गोळ्या-औषधं देत नाही. ते देणारे डॉक्टर वेगळे. माझं औषध म्हणजे काम. उद्यापासून रोज पहाटे जात्यावर बसायचं. गाणं आलं तर म्हणायचं, नाही आलं तर नुसतं दळायचं. पुढच्या गुरुवारी येऊन मला सांगायचं."

"आन् बाटली?"

"बाटली नाही."

"लहान बी न्हाई?"

"नाही. आणि हे औषध ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं. दुसऱ्याला नेऊन देता येत नाही बरं!"

येताना एसटीत सर्जेराव आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसला. आजवर खरजेचं मलम आणलं, दम्याची गोळी आणली. पण हे कसलं औषध, जे हातात धरून घरी नेता येत नाही!

"सोपं हाय," वाटेत बद्रीनाथ म्हणाला. "घरी जाऊन सासूबाईला सांग, उद्यापून दळा."

घरी कांताबाईनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काय बोलून राह्यले तुमी! कोपऱ्यावर इंजिनाची चक्की आसताना आईला दळाया बसवू? तिला काय वाटंल? लेकीच्या घरची भाकर खाती म्हनून वसूल करून राह्यले, आसंच वाटंल की! आदीच ती घास मोजून खाती!"

सर्जेराव पडद्याकडे बघत राहिला. खरं होतं ते. अगदी बिलकुल खरं.

मग दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून कोंबडं आरवायचं होतं, तेव्हा त्यानं खाटेखालून जुनं जातं ओढलं. गुरुवारी बाई विचारणार, आणि खोटं तरी किती बोलायचं? बसला मांडी घालून. जातं दोन मांड्यांच्या मधे असं दिसत होतं, जशी पैलवानाच्या ताटातली पुरी! घातला ओंजळभर बाजरीचा घास, धरला खुंटा आणि दिला हिसका.

काय ते दळण! तेलाच्या घाण्यावर मणामणाचं ओढणारा हात. जात्याची वरची तळी गिरकी घेऊन उडायलाच निघाली. बाजरी घरभर. मिशीत पीठ. लेक अंथरुणातून उठून टाळ्या पिटायला लागली. आणि हे घरंगळणं, खडखडणं, आदळणं असं चालू होतं, की जणू घरात कुणी दगडांचं लग्न लावतंय!

दुसऱ्या दिवशी गल्लीनं कान टवकारले. तिसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन उगाच त्याच्याच दारावरून पाण्याला जाऊ लागल्या.

"ईश्श! मिशीवाला दळून राह्यला!"

"औरंगाबादला गेल्ता म्हनं. डोक्याच्या बाईकडं."

हे बाहेर कसं फुटलं? तर बद्रीनाथानं फक्त एका माणसाला सांगितलं होतं, तेही शपथ घालून. त्या माणसानंही शपथ घालूनच पुढे सांगितलं. अशा शपथांवर शपथा चढत बातमी गिरणीत पोचली. मुकादम धर्मराज लांबूनच म्हणाला, "सर्जेराव, घान्यापाशी नको जाऊस बाबा. पोती मोज तिकडं सावलीत. डाक्टरीनबाईचा कागद आन, मंग बघू." आणि जो धर्मराज कधी कुणाशी सरळ बोलला नाही, तो जाताना म्हणाला, "थकलास तर बस हं!" सर्जेरावाला रडूच यायचं बाकी राहिलं. शिव्या देणारा मुकादम गोड बोलायला लागला, म्हणजे आपलं काही खरं नाही!

बातमी एसटीत चढली आणि वडीगोद्रीला हमरस्त्यावरच्या हॉटेलात चहाबरोबर उतरली. तोवर ती चांगली बाळसं धरून होती. सर्जेराव लुगडं नेसतो आणि रडत रडत दळतो, असं तिचं रूप झालं होतं. वडीगोद्रीला राहत होती सर्जेरावाची आई, केशरबाई!

सुट्टीचा वार होता म्हणून सर्जेरावाचं दळण ऊन वर आलं तरी चाललं होतं. तेवढ्यात दारात वावटळ उभी राहिली. हातात लिंबं, काखेत काळी कोंबडी.

"सर्ज्या! माझ्या लेकरा! काय रं ही दशा!"

"आई, म्या बरा हाय."

"सगळेच येडे आसंच म्हनत्यात! कांते, काय खाऊ घातलंस माझ्या वाघाला? धडधाकट पाठवला आन् पीठ झालं त्याचं!" कोंबडी सुटून जात्याभोवती बाजरी टिपायला लागली. दारात गल्ली गोळा झाली. मग केशरबाईनं मोर्चा गोणपाटाच्या पडद्याकडे वळवला. "आन् त्या पडद्याआडच्या ईहीनबाई! लेकीच्या घरी बसकन मारली तवापून ह्या घराचं नशीब फिरलं! जावयाच्या भाकरीवर बसायचं म्हंजे..."

"आई!" सर्जेराव ओरडला. पण शब्द सुटला होता.

कांताबाईच्या हातातली परात तशीच राहिली. झालं! आता ही बाई कपड्याचं गठुडं बांधणार आणि पडक्या भिंतीच्या घरात परत जाणार. गाणं राहिलं बाजूला, तिचं ते "हं"सुद्धा जाणार.

पडदा हलला. गोजरबाई बाहेर आली. पदर नाकापर्यंत होता. पण पदराखालून जो आवाज निघाला, तो किती दिवस बंद पडलेल्या रहाटासारखा करकरत निघाला.

"येडे न्हाईत ते!"

दारातल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या.

"येडे न्हाईत. त्यास्नी दळता येत न्हाई, येवढंच हाय! इतके दिस ऐकून राह्यले मी! घास कवा टाकायचा पत्ता न्हाई, खुंटा कधी हिकडं फिरवित्यात, कधी तिकडं! माझ्या कानाची पार भरड झाली, बाई!" आणि ती सरळ जात्यापाशी आली. जावयाच्या समोर! "सरका," म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूचा हा जावयाशी पहिला शब्द. सर्जेराव सरकला. गोजरबाई समोर बसली. खुंट्यावर त्याच्या हाताच्या वर तिनं आपला हात ठेवला, आणि जातं असं फिरलं, जसं लेकरू पाळण्यात. पदर मागे पडला. आणि पाखरू उडालं!

"दळनाची पाटी माझी, एका हातानं सरंना
जावई मिशाळ माझा, खुंटा बी नीट धरंना!"

दारातल्या बायका हसल्या. कांताबाई रडली. आणि केशरबाई? केशरबाईला लागली मिरची! तीही काही मुक्या देशातली नव्हती. वडीगोद्रीच्या मांडवात विहिणींना गाण्यातून धुऊन वाळत घालणारी बाई ती! लिंबं तिथंच टाकली, पदर खोचला आणि जात्याच्या तिसऱ्या बाजूला बसली.

"माझ्या गं अंगनी, केळीचा हिरवा कोंब
ईहिनीच्या पायगुनं, घरात उठली बोंब!"

गोजरबाईनं घास टाकला. एक फेरा, दोन फेरे, आणि वर न बघताच,

"केळीचा कोंब तुमचा, वारं आलं की हालतो
मूठभर दळीतो, भुईला शेर घालतो!"

"व्वा!" दारातून कुणीतरी ओरडलं. सर्जेराव मधे बसला होता. खुंटा सोडावा तर सासू डोळे वटारते, धरावा तर आई! दोन्हीकडून ओव्या, आणि दोन्हींत मार त्यालाच!

केशरबाईनं भुईवरच्या सांडलेल्या बाजरीकडे पाहिलं. कोंबडी टिपत होती. दोन चिमण्याही आल्या होत्या. केशरबाईचा आवाज कसा कोण जाणे, जरा खाली उतरला.

"भुईला सांडलं, त्यात चिमन्या जेवल्या
ईहीनबाई, तुमी वव्या, कुठं दडून ठेवल्या?"

जातं हळू झालं. गोजरबाईनं बऱ्याच वेळानं ओढ घेतली.

"लेकीच्या घरचं मीठ, जिभेवर झालं जड
वव्यांचं पाखरू माझं, बसलं आढ्याच्या आड."

ज्या प्रश्नाला सर्जेराव औरंगाबादेत "इचारून सांगतो" म्हणाला होता, त्याचं उत्तर पिठासारखं पाटीत पडलं होतं.

मग केशरबाईनं नाक ओढलं. "मीठ कसलं लेकीच्या घरचं! मीठ दुकानातून येतं! मी बी लेकाच्याच घरी खाती न्हवं? तुमी लेकीच्या खावा! पोरगं माझं कमावतं, त्याला दोन म्हाताऱ्या जड व्हाया तो काय पापड हाय? उचला घास, बसलात काय! आन् सर्ज्या, नीट फिरीव की रं! ईहीनबाई बोलत्यात ते बराबर हाय, तुला बिलकुल येत न्हाई!"

त्या दिवशी गोजरबाईनं सगळी भाकरी खाल्ली. वर ठेचा मागून घेतला. केशरबाई दोन दिवसांसाठी आली होती ती राहिलीच, कारण रोज पहाटे शेवटची ओवी गोजरबाईची व्हायची, आणि हरून गावी जायचं कसं?

गुरुवार आला. मुकादमाला कागद पाहिजे होता, म्हणून सर्जेराव पुन्हा औरंगाबादला निघाला. बद्रीनाथही निघाला, इस्त्रीचा सदरा घालून. बाकावर बसल्या बसल्या त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायला सुरुवात केली, "ते आत गेले न्हवं, ते माझे खास दोस्त. सगळं डोकं माझं हाय ह्याच्यात."

आत सर्जेराव खुर्चीच्या काठावर बसला. "बाई, मी बरा झालो. लै बरा झालो. गाऊन राह्यलो, जेवून राह्यलो, विहिणीशी भांडून राह्यलो."

"विहिणीशी!" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पहिलीतल्या मुलीच्या सासूशी?"

सर्जेरावानं मान खाली घातली. मिशीची दोन्ही टोकंही खाली आली.

"सासूबाई आहेत ना?" बाईंनी हळूच विचारलं.

"तुमाला कवा कळलं?"

"पदराला टोपी म्हणालात तेव्हा. पण सासूबाईंना दळायला बसवा असा निरोप मी तुमच्या हाती दिला असता, तर त्या माउलीला काय वाटलं असतं?"

"भाकरीचं वसूल करून राह्यले."

"म्हणून म्हटलं, घरातलं दुसरं कुणीतरी वाकडंतिकडं दळू दे. चांगल्या दळणारीला वाकडं दळण ऐकवत नाही. माझी आई वाटूरची. पहाटे जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणायची. मी मुद्दाम चुकीचा घास टाकला की तापात असली तरी उठून यायची." बाईंनी कागद ओढला आणि मुकादमासाठी दोन ओळी लिहून सही केली. मग लेखणी ठेवून टेबलावर हात बांधले. "आता सांगा. काय गातात सासूबाई?"

"आता... तुमच्या इथं येन्यावर बी एक जोडलीया. कांतानं सांगून टाकलं त्यास्नी सगळं."

"म्हणा की!"

"नगं, बाई."

"अहो, म्हणा!"

"नुसती म्हनता येत न्हाई, बाई. हात फिरल्याबिगर ववी निघतच न्हाई आता."

"मग फिरवा. टेबल आहे की!"

सर्जेरावानं दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. त्यानं टेबलाच्या कडेला मांडी जुळवली, कोपऱ्यातला दौतीचा ठोकळा खुंट्यासारखा मुठीत धरला, डोळे मिटले. पहिले दोन फेरे गुमान गेले. मग सासूबाईंनी शिकवला होता तसा, पार नाभीतून, बायकी सूर लागला,

"माझं गं दुखनं गेलं, ईष्टीच्या खिडकीशी
जावईबापूनं माझ्या, पदर घेतला मिशीशी!"

आतून बाईंच्या हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ "पुन्हा! पुन्हा एकदा!" आणि पुन्हा तो सूर, आता चांगला मोकळा, टेबलाच्या घरघरीसकट.

बाहेर बाकावरच्या माणसांनी चपलांवरून नजर उचलली. एकमेकांकडे पाहिलं. पागोट्यातला एक म्हातारा बद्रीनाथाच्या कानाशी वाकला.

"पाव्हनं, लैच वाढलेलं दिसतं हो त्यांचं. तुमचे कोन म्हनलात ते?"

बद्रीनाथ उठला, सदरा झटकला आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

"माझे? छ्या! मी तर दात दाखवाया आल्तो!"